शेवटचा शनिवार

अकरा कॉलेजं. प्रत्येकी आठ सामने. नऊ शनिवार.
फेब्रुवारीत, लिंकनच्या ऑफिसात,
खाली गोठलेलं पार्किंग, वर घोंघावणारा हीटर,
मी हे पांघरूण बेतायला बसते.
डोक्यावर ओढावं तर पाय उघडे,
आणि पाय ज्याचे उघडे, त्याचा फोन आधी येतो.

सलग तीन सामने परगावी का?
आम्हालाच का नऊ तासांची बस?
त्यांना आमच्याआधी आठवडाभर विसावा, हा कुठला न्याय?
सगळे खरं बोलतात. तीच तर पंचाईत.

संगणक दोन मिनिटांत चव्वेचाळीस सामने मांडून देतो,
तोळामासा इकडचा तिकडे नाही.
त्याचं काय जातंय!
त्याला ऑर्विल श्टूमर माहीत नाही,
टॅमरॅकच्या सामानघराचा राखणदार, वय एक्याऐंशी,
जो जिंकलेल्या वर्षी
पोचे आलेला एक दुधाचा कॅन पुसतो रोज,
आणि हरलेल्या वर्षी, रिकाम्या फळीवरची धूळ.
कॅन तेव्हा नदीपल्याड असतो, ब्रूलवाल्यांकडे.
एकोणीसशे अकरापासून हे असंच.
मूळ भांडण दुधाचं होतं की पुलाच्या टोलचं
हे आता दोन्ही काठांवर कुणालाच सांगता येत नाही,
पण लग्नाची तारीख काढताना
दोन्हीकडचे आधी माझा कागद बघतात.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार हाडवैराचा.
पाच जोड्या, दहा कॉलेजं.
अकरावं केन्सल. सहा वर्षांपूर्वी आलं,
पवनचक्क्यांच्या रानात नवं कोरं स्टेडियम घेऊन.
त्याला त्या दिवशी मी सुट्टी लिहायची.
कुणी तक्रार केली नाही म्हणून
न्याय्यच वाटायचं मला ते.

मग कोच टीडेमनचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं.
"मिस कोल्टरमन, त्या शनिवारी
माझी पोरं कॅन्टीनच्या टीव्हीवर
दुसऱ्यांची भांडणं बघत बसतात.
सामने आम्हाला मोजून मिळतात, मान्य.
पण आम्हाला हरवून अजून कुणी नाचलेलं नाही.
एखादा शत्रू शिल्लक असेल तर बघा."

शत्रू का शिल्लक असतो कुठे?
वैराला विरजण लागतं,
आधीच्या दह्यातलं चमचाभर तरी.
केन्सलकडे नुसतं दूध, ताजं, पांढरंशुभ्र.

तीन रात्री मी खोडत राहिले.
शेवटी टॅमरॅक-ब्रूल ऑक्टोबरात ओढला,
टॅमरॅकला शेवटी सुट्टी दिली,
ब्रूलला केन्सलला धाडलं.
चिठ्ठ्या टाकून, सगळ्यांसमक्ष; दरवर्षी नवी जोडी.

काय काय ऐकलं म्हणून सांगू!
मका उभा असताना कॅनचा सामना?
ब्रूलच्या पाद्र्याने प्रवचनात माझं नाव घेतलं.
ऑर्विलने फोन केला, आणि काहीच बोलला नाही,
फक्त मागे कुठेतरी फडकं पत्र्यावर घासत होतं.
त्या आवाजाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

शेवटचा शनिवार आला. केन्सलला बारीक बर्फ.
ब्रूलवाले सहा तास बसमध्ये धुमसत आलेले,
दहाला तेरा असे हरले,
तेही पंचाच्या एका निर्णयावर, ज्यावरून
म्हणे अजून दोन्हीकडे फिल्म उलटसुलट चालवतात.

रविवारी सकाळी सात वाजता टीडेमनचा फोन.
आवाज फुटलेला. मी धसकलेच.
"मिस कोल्टरमन, रात्री त्यांनी आमच्या पवनचक्कीच्या पात्याला
हिरवा रंग फासला!
आख्खं पातं! ब्रूलचा हिरवा!"
आणि मग पलीकडून एकदम अनेक पोरांचा गलका,
शिव्या, हसू, बादल्यांचे आवाज.
"पुसताय का?" मी विचारलं.
"छे! पुसतो कशाला?"

फोन ठेवला. ड्रॉवरमधून
पुढच्या वर्षाचा कोरा कागद काढला.
ब्रूल आणि केन्सल, दोन नावं शेजारी आपोआप लिहिली गेली
शेवटच्या शनिवारच्या चौकटीत.
मग आठवला ऑर्विल. फळी. फडकं.
आणि मी चिठ्ठ्यांचं आश्वासन दिलेलं, सगळ्यांसमक्ष.

खोडरबर हातात घेऊन
बराच वेळ बसून होते.